कलमाचे टोक आपल्या हाताने : संगणकावरील एडिटरचा इतिहास

(लेखक : एक शिक्षक, बी. ए., बी. एड., हुडकेश्वर, नागपूर)

वाचकहो, टंकलेखन यंत्रे येण्यापूर्वी लिहिणाऱ्या माणसाचे पहिले काम लिहिणे हे नव्हते, तर कलमाला टोक करणे हे होते. मोडी लिहिणारा कारकून आपला बोरू तासून घेई. उर्दू किताबत करणारा कातिब चाकूने कलम तिरपे कापी आणि त्या कापास ‘कत’ म्हणे. अक्षर जाड हवे तर कत रुंद, बारीक हवे तर अरुंद. ज्याचा हात जसा वळे तसे त्याचे कलम. पुढे टाक आला, फाउंटनपेन आले, बॉलपेन आले. टोक कारखान्यातून तयार होऊन येऊ लागले आणि आपण आपला हात त्या टोकाला जुळवून घेऊ लागलो. सोय झाली हे खरे. पण एक कला हातची गेली हेही तितकेच खरे.

आज आपल्या मुलांच्या हाती मोबाईल आहे, शाळेत संगणक आहे. ही साधने कारखान्याने जशी करून दिली तशीच आपण वापरतो. ती आपल्याला पाहिजे तशी करून घेता येतील, हा विचारसुद्धा सहसा मनात येत नाही. तथापि संगणकाच्या इतिहासात लेखनाचे एक साधन असे होऊन गेले, आणि ते आजही वापरात आहे, की ज्याचे टोक वापरणाऱ्याने स्वतःच करावयाचे असते. त्या साधनास ‘एडिटर’ म्हणतात. त्याचा इतिहास, आणि त्या इतिहासात आपल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याने घातलेली भर, ही पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एडिटर म्हणजे काय?

एडिटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्राचा संपादक उभा राहतो. येथे तो अर्थ नाही. संगणकात मजकूर लिहिण्याची, खोडण्याची, शोधण्याची व बदलण्याची जी आज्ञावली असते, तिला एडिटर म्हणावयाचे. अर्ज किंवा प्रश्नपत्रिका करण्यासाठी आपण जी आज्ञावली वापरतो ती निराळी. तिच्यात अक्षर ठळक करणे, तक्ता आखणे, पान सजविणे अशी कामे असतात. एडिटर फक्त निव्वळ मजकूर जाणतो. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आणि मोठमोठ्या संगणकांची देखभाल करणारे लोक रोज तोच वापरतात.

त्यातही ज्या एडिटरांविषयी आपण बोलणार आहोत ते आज्ञा-ओळीवरचे. तेथे माऊसची गरज नाही, चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळा पडदा, त्यावर अक्षरे, आणि कळफलकावरून दिलेल्या आज्ञा. प्रथम पाहणाऱ्यास हे रूक्ष वाटते. पण खडू-फळाही रूक्षच असतो; त्यावर काय लिहावयाचे ते लिहिणाऱ्यावर अवलंबून असते.

कागदाच्या गुंडाळीवरचा काळ

या कथेची सुरुवात पडद्यावर होत नाही, कागदावर होते. १९६० च्या दशकात पुष्कळ ठिकाणी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप यंत्र. आपल्या तारघरातील यंत्रासारखेच ते होते : कळा दाबल्या की अक्षरे कागदाच्या गुंडाळीवर छापली जात आणि संगणकाचे उत्तरही त्याच कागदावर उमटे. एकदा छापलेले अक्षर पुसता येत नसे. म्हणून मजकुरात दुरुस्ती करावयाची तर ‘पाचव्या ओळीतील अमुक शब्दाच्या जागी तमुक शब्द घाल’ अशी आज्ञा लिहून द्यावी लागे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स ही संगणक-प्रणाली उभारताना ‘ईडी’ नावाचा एडिटर लिहिला. तो इतका मितभाषी होता की वापरणाऱ्याची कोणतीही चूक झाली तरी उत्तर एकच : प्रश्नचिन्ह. काय चुकले, कोठे चुकले, काहीही नाही. आमच्या विद्यार्थ्यांना कडक मास्तरांची तक्रार करावयाची सवय असते. त्यांनी या मास्तरांची आठवण ठेवावी. मात्र यातही कारण होते. कागद खर्ची पडे, यंत्र संथ चाले, म्हणून कमी बोलणे हाच शहाणपणा होता.

पुढे काचेचा पडदा असलेली यंत्रे आली. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील बिल जॉय या विद्यार्थ्याने जुन्या ओळीच्या एडिटरवरून नवा एडिटर रचावयास घेतला. त्यातूनच पुढे पूर्ण पडदा दाखविणारा ‘व्हीआय’ निघाला. जॉय ज्या यंत्रावर काम करीत होते त्याच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये डावीकडे, खाली, वर व उजवीकडे जाण्यासाठी हीच चार अक्षरे ठरली. ते यंत्र केव्हाच अडगळीत गेले. चार अक्षरे मात्र आजही कोट्यवधी बोटांत जिवंत आहेत. इतिहास केवळ किल्ल्यांच्या तटांवर नसतो, तो बोटांच्या सवयीतही असतो.

व्हीआयचा सर्वांत प्रसिद्ध वारस म्हणजे ‘व्हिम’. हॉलंडच्या ब्राम मूलेनार यांनी तो १९८८ पासून लिहावयास घेतला आणि १९९१ मध्ये लोकांस दिला. त्यांनी त्याची किंमत घेतली नाही. १९९४ च्या सुमारास ते युगांडातील किबाले या गावी मुलांच्या एका केंद्रात काम करण्यास राहिले होते. तेथून परतल्यावर त्यांनी एडिटर सुरू होताच दिसणाऱ्या पडद्यावर एक विनंती घातली : हे साधन तुमच्या उपयोगी पडत असेल तर युगांडातील गरीब मुलांस मदत करा. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते वारले. जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दिलेल्या पैशांतून आफ्रिकेतील एका खेड्यातील मुले शिकली. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत या गृहस्थाचे नाव येणे मला उचित वाटते.

स्वतःचे वर्णन स्वतः करणारा एडिटर

दुसरे घराणे ‘ईमॅक्स’चे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकापासून ‘टीको’ नावाचा एक एडिटर होता. त्याच्या आज्ञा इतक्या गूढ असत की आपले स्वतःचे नाव आज्ञा म्हणून टंकावे आणि काय अनर्थ होतो ते पाहावे, असा खेळ तेथील मंडळी खेळत. प्रत्येकजण आपापल्या सोयीच्या आज्ञा जोडून ठेवी आणि एकाची रीत दुसऱ्यास कळेनाशी होई. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी या सर्व जोडण्या एकत्र करून ईमॅक्स रचला. पुढे स्टॉलमन यांनी सर्वांस मोफत वापरता, वाचता व बदलता येईल असा ईमॅक्स पुन्हा नव्याने लिहून १९८५ मध्ये लोकांपुढे ठेवला.

ईमॅक्सची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की त्याचा बराचसा भाग ‘लिस्प’ या भाषेत लिहिलेला असून तो वापरणाऱ्यापुढे उघडा असतो. घड्याळाची मागची झाकणी काढून चक्रे दिसावीत, आणि घड्याळ चालू असतानाच त्यातील एखादे चक्र बदलता यावे, तसे हे आहे. दुसरे असे की तो स्वतःचे वर्णन स्वतः करतो. कोणतीही कळ काय काम करते हे त्यालाच विचारता येते, आणि तो उत्तर देतो. ईडीच्या प्रश्नचिन्हापासून येथपर्यंतचा प्रवास केवळ १६ वर्षांचा आहे.

या उघडेपणाचा परिणाम काय होतो याचे एक उदाहरण स्टॉलमन यांनी आपल्या एका भाषणात सांगितले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्नी ग्रीनबर्ग यांनी एका मोठ्या संगणकासाठी ईमॅक्स लिहिला. त्यांच्या कचेरीतील टंकलेखनाचे व पत्रव्यवहाराचे काम करणाऱ्या सेक्रेटरींना तो देण्यात आला, आणि नव्या आज्ञा कशा जोडाव्यात याची एक पुस्तिकाही देण्यात आली. यास ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात, हे मात्र त्या पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नव्हते. प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणार नाही असे त्या धरून चालल्या असत्या. पण नावच ठाऊक नसल्याने त्या घाबरल्या नाहीत, आणि बघता बघता स्वतःच्या आज्ञा स्वतः लिहू लागल्या.

पालकहो, या उदाहरणावर क्षणभर थांबा. ‘हे आपल्यासाठी नाही’ ही भीती मुलाच्या बुद्धीत नसते. ती आपण नाव घेऊन त्याच्या मनात घालतो. विशेषतः मुलींच्या बाबतीत आपण हे किती सहज करतो याचा विचार ज्याने त्याने घरी करावा.

पुण्याचा विद्यार्थी

आता ज्या विद्यार्थ्यासाठी एवढी प्रस्तावना केली त्याच्याकडे वळू. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालचा; ते वाढले पुण्यात. जन्मापासूनच त्यांची दृष्टी अधू होती, आणि काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी ती पूर्णपणे गेली. चौदावे वर्ष म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीचे. या वयात डोळे गेलेल्या मुलाला गणित सोडून दे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रामन यांनी गणितच धरले. भाऊ व इतर मंडळी पुस्तके मोठ्याने वाचून दाखवीत आणि ते ऐकून उदाहरणे सोडवीत. ब्रेल खुणा असलेला रुबिकचा घन ते हाताने चाचपून सोडवीत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून १९८७ मध्ये त्यांनी गणितात बी. ए. केले. त्या काळात राष्ट्रीय सेवा योजनेखाली काही समाजसेवा करावी लागे; ती त्यांनी अंधशाळेतील मुलांना शिकवून पूर्ण केली.

पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त त्यांनी गणित व संगणकशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथील त्यांचा प्रकल्प पाहा : आलेखावरची वक्ररेषा डोळ्यांनी पाहण्याऐवजी कानांनी ऐकता यावी, अशी ती आज्ञावली होती. वर्गात आम्ही फळ्यावर आलेख काढतो आणि ‘पाहा, येथे रेषा वर चढली’ असे म्हणतो. ज्याला पाहता येत नाही त्याच्यासाठी ते वाक्य रिकामे असते. रामन यांनी ते वाक्य भरून काढले.

त्यानंतर ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. प्राध्यापक डेव्हिड ग्रीस यांच्या मार्गदर्शनाखाली १९९४ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला. गणिताने भरलेला शास्त्रीय मजकूर संगणकाने बोलून दाखवावा, हा त्याचा विषय. घातांक म्हणताना आवाज चढवावयाचा आणि अक्षराखालचा लहान अंक म्हणताना उतरवावयाचा, अशी त्यात योजना होती. म्हणजे कागदावरची उंची आवाजात आली. या आज्ञावलीला त्यांनी ‘ॲस्टर’ हे नाव दिले. त्यांना वाट दाखविणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याचेही नाव तेच होते. संगणकशास्त्रातील उत्कृष्ट प्रबंधासाठी दिला जाणारा एसीएम संस्थेचा पुरस्कार त्या वर्षी या प्रबंधास मिळाला.

ईमॅक्सला वाचा फुटली

रामन यांना आता रोजच्या कामासाठी साधन हवे होते. पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली त्या काळीही होत्या; पण त्या पडद्यावर जी अक्षरे दिसत ती जशीच्या तशी, ओळीने वाचीत. त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नसे. उदाहरणार्थ, पडद्यावर महिन्याची दिनदर्शिका आहे आणि आपण एका चौकोनावर आहोत. पडदा वाचणारी आज्ञावली म्हणेल, ‘पंधरा’. डोळस माणूस वर नजर टाकून महिना पाहतो, स्तंभाच्या माथ्यावर वार पाहतो. अंध माणसाच्या वाट्याला फक्त ‘पंधरा’ येते.

रामन यांनी असा विचार केला की ‘पंधरा’ हा कोणत्या महिन्याचा, कोणत्या सालचा व कोणत्या वाराचा, हे पडद्याला माहीत नसले तरी दिनदर्शिका दाखविणाऱ्या आज्ञावलीला माहीत असतेच. मग पडद्याला कशाला विचारावयाचे? आज्ञावलीलाच बोलते करावे. आणि ईमॅक्स उघडा असल्यामुळे हे शक्य होते. १९९५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘ईमॅक्स्पीक’ लोकांस मोफत दिले. त्यात दिनदर्शिकेच्या चौकोनावर गेले की पूर्ण वार, महिना, तारीख व साल ऐकू येते.

हे साधले कसे, तेही सांगितले पाहिजे, कारण खरा बोध तेथे आहे. रामन यांनी ईमॅक्सचा मूळ मजकूर फोडला नाही. हान्स चालुप्स्की यांनी ईमॅक्समध्ये एक सोय केलेली होती. तिला इंग्रजीत ‘सल्ला’ या अर्थाचे नाव आहे. एखादी जुनी आज्ञा आहे तशीच ठेवून, ती चालण्याच्या आधी, नंतर किंवा तिच्याभोवती आपली नवी आज्ञा जोडता येते. ‘पुढच्या ओळीवर जा’ ही ईमॅक्सची मूळ आज्ञा. रामन यांचा सल्ला एवढाच : ‘गेल्यानंतर ती ओळ बोलून दाखव.’ ‘अक्षर खोड’ या आज्ञेस सल्ला : ‘कोणते अक्षर खोडलेस ते सांग.’ असे शेकडो सल्ले त्यांनी जोडत नेले. घर पाडले नाही. घराच्या प्रत्येक दारावर एक घंटा बांधली.

डोळस माणसाच्या सोयीसाठी ईमॅक्स प्रोग्रॅममधील निरनिराळ्या भागांना निरनिराळे रंग देतो. रामन यांनी रंगाच्या जागी आवाज बदलला. टीप एका आवाजात, आज्ञेचे शब्द दुसऱ्या आवाजात. फाईल उघडली, बंद झाली, काही चुकले, यांसाठी लहान लहान ध्वनी ठेवले. हे सर्व त्यांनी प्रथम स्वतःसाठी केले, आणि त्याच साधनावर बसून पुढच्या सुधारणाही केल्या. कारागीर ज्या पटाशीने काम करतो तिची मूठही त्याच पटाशीने घडवितो, तसे हे झाले. १२ एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने ईमॅक्स्पीक आपल्या संग्रहात कायमचे दाखल करून घेतले. रामन यांनी डिजिटल, अडोबी, आयबीएम व पुढे गुगल या कंपन्यांत संशोधन केले. अंधांना संगणक व इंटरनेट कानांनी वापरता यावे, हाच त्यांचा विषय राहिला.

बिघाड शोधण्याची शिस्त

जो साधन बदलतो त्याच्या हातून ते बिघडतेही. टोक करताना बोरू फुटतो तसेच हे. म्हणून एडिटर वापरणाऱ्यांनी बिघाड शोधण्याची एक शिस्त घालून घेतली आहे. विद्यार्थी मित्रहो, ती केवळ संगणकापुरती नाही, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

ईमॅक्स सुरू होताना वापरणाऱ्याची स्वतःची एक फाईल वाचतो. कळा कशा असाव्यात, रंग कोणते, भाषा कोणती, हे सर्व त्या फाईलमध्ये लिहिलेले असते. वर्षानुवर्षे ती वाढत जाते. एके दिवशी एडिटर नीट चालेनासा होतो. मग पहिला प्रश्न असा विचारावयाचा : दोष मूळ साधनाचा की मी केलेल्या बदलांचा? त्यासाठी ईमॅक्स आपली फाईल न वाचता सुरू करता येतो. आज्ञा-ओळीवर त्याच्या नावानंतर जागा सोडून उणे-चिन्ह आणि त्याला जोडून इंग्रजी मोठा ‘क्यू’ लिहावयाचा. असा कोरा ईमॅक्स नीट चालला तर दोष बहुधा आपल्याच फाईलचा. व्हिममध्येही अशी सोय आहे.

दुसरी पायरी : दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी फाईल निम्मी करावयाची. अर्धा भाग तात्पुरता बंद ठेवावा. दोष राहिला तर तो चालू अर्ध्यात, गेला तर बंद अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : फाईलमध्ये १,०२४ ओळी असल्या आणि दोष एकाच ओळीत असला, तर केवळ १० वेळा निम्मे केले की ती नेमकी ओळ सापडते. एकेक ओळ तपासत बसणाऱ्यास हजार खेपा घालाव्या लागतील. घातांकाचा धडा पाठ करताना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

तिसरी पायरी : लक्षण आणि रोग वेगळे ओळखावयाचे. मराठी मजकूर आज्ञा-ओळीच्या काळ्या पडद्यावर उघडला की वेलांट्या निसटतात, जोडाक्षरे फुटतात, आणि ‘फाईल बिघडली’ असे नवशिका म्हणतो. वस्तुतः फाईल शाबूत असते. तो पडदा मुळात इंग्रजीसाठी, एका अक्षरास एक चौकोन या हिशेबाने आखलेला. आपले ‘क्षि’ त्या चौकोनात नीट बसत नाही. तीच फाईल ईमॅक्सच्या स्वतंत्र खिडकीत उघडली आणि संगणकात देवनागरीचा योग्य टंक असला की अक्षरे नीट दिसतात. देवनागरी टंकण्याची सोय तर त्यात अंगभूतच आहे. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाची रीतही तेथे मिळते. दिसण्यातला दोष आणि असण्यातला दोष हे दोन निराळे दोष आहेत.

चौथी गोष्ट अशी की कित्येक बिघाड हे बिघाड नसून विसरलेला इतिहास असतात. आज्ञा-ओळीच्या पडद्यावर कुणी चुकून कंट्रोल आणि एस या कळा एकदम दाबल्या, तर पुष्कळदा सर्व काही गोठल्यासारखे होते. नवशिका संगणकच बंद करतो. खरे पाहता ती टेलिटाइपच्या काळातील ‘थांब’ ही खूण आहे; यंत्राला मजकूर छापण्यास उसंत मिळावी म्हणून ती ठेवली होती. कंट्रोल आणि क्यू दाबले की ‘चल’ अशी खूण होते आणि पडदा पुन्हा जागा होतो. यंत्र गेले, कागद गेला, खूण राहिली. जो इतिहास जाणतो तो येथे घाबरत नाही.

शेवटी दोन शब्द

वाचकहो, नागपूर-कामठीकडे विणकरीची जुनी परंपरा आहे. हातमागावर बसणारा विणकर आपल्या उंचीला, आपल्या पायांना सोयीचा असा माग लावून घेत असे. दुसऱ्याच्या मापाच्या मागावर बसून पाठ मोडून घेण्यात त्याला काही भूषण वाटत नसे. ईदसाठी आपण मुलांचे कपडे शिवून घेतो तेव्हाही शिंपी माप घेतो. मुलाने कापडाप्रमाणे वाढावे असे कुणी म्हणत नाही. मग शिक्षणाच्या साधनांविषयीच आपण उलटे का वागतो? जे मूल तयार मापात बसत नाही, ज्याला कमी दिसते, कमी ऐकू येते, ज्याच्या हाताला लिहिताना त्रास होतो, त्याला आपण ‘हे तुझ्यासाठी नाही’ म्हणून घरी बसवितो. दोष मुलाचा की साधनाच्या मापाचा, हा पहिला प्रश्न आपण विचारतच नाही.

ज्यांच्या घरी अंध किंवा अधू दृष्टीचे मूल आहे त्यांनी एवढे अवश्य जाणून घ्यावे की आज यासाठी फार पैसा लागत नाही. ईमॅक्स मोफत आहे, ईमॅक्स्पीक मोफत आहे. साध्या विंडोज संगणकावर पडदा वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केली. तीही मोफत आहे, आणि तिच्यासोबत येणारा कृत्रिम आवाज मराठीही बोलू शकतो. तो आवाज यांत्रिक वाटतो, पहिले काही दिवस समजण्यास जड जातो. पण सरावाने कान तयार होतात.

आणि ज्यांची मुले धडधाकट आहेत त्यांनीही हा इतिहास आपल्यासाठी नाही असे समजू नये. मुलाला संगणक घेऊन देणे म्हणजे तालीम नव्हे. तो संगणक आतून कसा चालतो, त्यातील एखादी कळ मला पाहिजे तशी कशी करता येईल, बिघडला तर कोठून शोध घ्यावा, हे प्रश्न त्याला पडू लागले की तालीम सुरू झाली असे समजावे. हुडकेश्वर कालपर्यंत गाव होते, आज नागपूर शहरात मिसळले आहे. आमच्या मुलांना मोठ्या शहरातल्या मुलांइतके क्लास, तितकी पुस्तके मिळतीलच असे नाही. पण उघडी असलेली, वाचता व बदलता येणारी ही साधने येथेही तितकीच उघडी आहेत. त्यांना गाव विचारावयाचे नसते, जात-जमात विचारावयाची नसते, फी विचारावयाची नसते. लागतो तो सराव आणि इंग्रजी शब्दांची भीती न धरण्याचा निश्चय.

विद्यार्थी मित्रहो, पुण्याच्या ज्या विद्यार्थ्याला फळा दिसत नव्हता त्याने फळ्यालाच बोलावयास शिकविले. त्याने ‘माझ्यासाठी कुणी वेगळे यंत्र करून द्यावे’ म्हणून वाट पाहिली नाही. समोर जे यंत्र होते, त्याचे झाकण उघडे होते, त्यात हात घातला. तुमच्यापुढेही ते झाकण उघडे आहे. कलम मिळाले आहे. त्याला टोक तुम्ही करावयाचे आहे.